फडताळातली माई

चंदनसार, विरार (पूर्व)
२ डिसेंबर १९९६

चि. सौ. अश्लेषा हीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, सुरजरावांनाही सांग. इकडे आम्ही सगळे ठीक. ह्यांचा खोकला कमी आहे. टँकर एक दिवसाआड येतो आणि आला की जिन्यात बादल्यांची जी काही लढाई होते, त्यात मी अजून एकदाही जिंकलेले नाही. शेजारची पिंकीची आई तुझी आठवण काढत होती.

फोन केला की तू झोपलेली असतेस, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. सगळ्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. माझ्याकडे सांगायला दिवाळी अंकांशिवाय दुसरं काही नाही.

फ्लॉसीबाईंच्या वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना मी यंदाही घेतली आहे. एकदा वर्गणी भरायची आणि शिमग्यापर्यंत अंक बदलून न्यायचे. माझं ऑफिस माणिकपूरलाच, त्यामुळे सुटल्यावर तिथे डोकावणं होतंच. तुमच्या सांडोरच्या घरी त्या लुनावरून अंक पोचवतात आणि तू दुपारी सासूबाईंना वाचून दाखवतेस, हे त्यांच्याकडूनच कळलं. ऐकून बरं वाटलं. त्यांना अक्षर येत नसेना का, गोष्टीची आवड मात्र दांडगी, असं फ्लॉसीबाई म्हणाल्या.

यंदा मी ठरवलं, नेहमीचं कौटुंबिक रडगाणं बाजूला ठेवायचं आणि हाताला येईल ते वाचायचं. एक विज्ञानकथा वाचली. तिच्यात स्वयंपाक करणारं यंत्र आहे, पण त्याला फोडणी जमत नाही, मग त्याचं कौतुक ते काय करायचं? एक हेरकथा वाचली. खुनी मी दुसऱ्या पानावरच ओळखला होता. तो खुनी निघाला नाही, म्हणून लेखकावर दोन दिवस चिडून होते. मग एका नव्या मुलीच्या कविता वाचल्या. यमक नाही, ओळी तुटक, आधी वाटलं छापताना काही गळलं असेल. पण संध्याकाळी गवार मोडताना त्यातली एक परत आठवली. ती म्हणते, माहेरचं पाणी तोंडात धरून ती सासरी आली आणि अजून तिनं ते गिळलेलं नाही. माझी गवार तशीच राहिली.

आणि एक गूढकथा वाचली. मी भित्री आहे, गूढकथेचं चित्रसुद्धा तळव्यानं झाकून पान उलटते, हे तुला माहीतच आहे. पण ही वाचली. लेखिकेचं नाव दिलेलं नाही, नुसतं ‘एक गृहिणी’ असं छापलंय. एका वाडीतल्या घरात नवी सून येते. तिच्या चपला हरवतात. नव्या आणल्या तर त्याही हरवतात. त्या घराच्या फडताळात एक माई राहते. ज्याला पळून जावंसं वाटतं, त्याच्या चपला ती आत ओढून घेते. शेवटी सून फडताळासमोर उभी राहते, आणि गोष्ट तिथेच संपते. मला शेवट कळला नाही. तू वाचली असशीलच. तुझ्या मते पुढे काय झालं असेल, ते कळव. गोष्टच आहे, मला कळतं, तरी जीवाला घोर लागला आहे.

तब्येतीला जप. पत्राचं उत्तर तुझ्या हातानं लिही.

तुझी
मनुताई

*

१९ डिसेंबर १९९६

आशू,

हे पत्र अंकाच्या खाकी कव्हराच्या आत आहे. फ्लॉसीबाई ते तुझ्याच हातात देतील आणि म्हणतील, “कव्हर फाटलंय, जरा चिकटवून घे.” वाचून झालं की चुलीत घाल.

तुझं कार्ड मिळालं. ‘आदरणीय ताई, गोष्टी या गोष्टीच असतात, आम्ही सर्व मजेत आहोत.’ अक्षर तुझंच आहे. पण तू जन्मात मला कधी आदरणीय म्हटलेलं नाहीस. ते कार्ड मी पर्समध्ये घेऊन फिरते आणि सारखं काढून बघते, जणू मागच्या बाजूला काही उमटणार आहे.

फडताळातली माई आपली आहे, आशू. बोईसरच्या क्वार्टर्समध्ये तू माझी नवी सँडल घालून खेळायला पळायचीस, म्हणून तुला घाबरवायला मी ती माई रचली होती. आईलासुद्धा ती माहीत नव्हती. छापील पानावर ती दिसली तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. घास तोंडातच राहिला. बाजूला बसणाऱ्या मैत्रिणीनं, बेटीनं, विचारलं, “काय झालं गं, मिरची लागली का?” मी हो म्हटलं.

मग मी फ्लॉसीबाईंकडे गेले. आधी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दोनदा गेले तेव्हा म्हणाल्या, “मनोरमाबाई, परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी पानन् पान चाळते. कोणी रेघा मारतात, कोणी पानं फाडतात. तुमच्या बहिणीकडून आलेल्या एकात ही गोष्ट होती, बारीक अक्षरात लिहिलेली. सोबत चिठ्ठी की कुठेतरी पाठवा. मी पाठवली. बाकी मी काय विचारलं नाय, पण मला समजलं.” मग त्यांनी सांगितलं, की तू दारात येतेस तेव्हा नेहमी अनवाणी असतेस आणि तुमच्या ओट्यावर बायकांच्या चपलांचा एकही जोड नसतो.

तू मला पीसीओवरून फोन केला होतास ना, गणपतीच्या आधी? ‘ताई, मी येऊ का’ एवढंच बोललीस आणि फोन कट झाला. चपला त्याच दिवसापासून गेल्या, हो ना? मी त्यानंतर आले होते. सुरजनं मला दारातच सांगितलं, की तू मामेसासूकडे राहायला गेली आहेस. दोरीवर तुझी पिवळी साडी वाळत होती, पाणी निथळत होतं. मला ते दिसलं आणि मी काही बोलले नाही. त्याचा आवाज मऊ होता, हातात वाडीतला कोयता होता. केळीचे घड उतरवतात त्यासाठी असेल. पण माझे पाय पटापट रिक्षाकडे वळले.

मला भीती वाटते, आशू. तुझी वाटते आणि त्याची वाटते. चौकीत गेले तर ते तुला समोर बोलावून विचारतील, तू त्याच्यासमोर ‘मजेत आहे’ म्हणशील, आणि मग तुझं काय होईल या विचारानं मी रस्त्यातूनच मागे फिरते. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “घाईत काही करू नको, आधी तिला त्या घरातून बाहेर येऊ दे, पुढचं मी बघतो.”

बाहेर येण्याचा एकच रस्ता मला दिसतो आणि तो तूच लिहून ठेवला आहेस. तुझ्या सासूबाई फ्लॉसीबाईंना प्रत्येक वेळी विचारतात, “त्या चपलांच्या गोष्टीचं पुढं काय झालं?” पाच जानेवारीला, रविवारी, माणिकपूरच्या शाळेच्या हॉलमध्ये वाचनालयाचा वाचक मेळावा आहे. यंदाची आवडती गोष्ट तिथे वाचून दाखवायची असते. फ्लॉसीबाई सासूबाईंना सांगतील, की चपलांची गोष्ट वाचणार आहोत आणि शेवट काय असेल ते सगळ्यांना विचारणार आहोत. सुरज रविवारी क्रिकेटच्या स्पर्धेला असतो. सासूबाई एकट्या यायच्या नाहीत, सोबत तुलाच आणतील. आणि मेळाव्याला अनवाणी सून कोण नेईल? चपला त्यांना काढून द्याव्याच लागतील.

यायचं असेल तर अंक परत करताना त्या कवितांच्या पानात केळीचा सुका दोरा ठेव. नसेल यायचं तर काही ठेवू नकोस, मी समजेन. पण ठेव गं.

ताई

*

चंदनसार
६ जानेवारी १९९७, सकाळ

आशू बाळा,

तू उठशील तेव्हा मी आणि हे घरात नसू. घाबरू नकोस. ह्यांच्या ओळखीच्या एक वकीलबाई वसई कोर्टाजवळ बसतात, त्यांच्याकडे चाललो आहोत. तिथून चौकीत. उठवणार होते, पण तू इतकी गाढ झोपली आहेस की मला धीर झाला नाही. काल घरी आल्यावर तू लगेच झोपलीस आणि मीही काही विचारलं नाही. पण रिक्षात बसल्यावर मागे जे झालं ते तुला माहीत नाही. तोंडानं सांगायला गेले तर रडेन, म्हणून लिहून ठेवते.

काल सकाळी मी घरातून निघाले. अंकात दोरा मिळाला होता, तो मी रुमालात बांधून घेतला होता. सतरंज्यांवर सगळे बसले होते, चपलांचा ढीग दाराबाहेर. तुम्ही दोघी आलात. तुझ्या सासूबाईंनी, धोंडूबाईंनी, तुझं मनगट धरलं होतं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. इतकी वाळली आहेस की क्षणभर मला दुसरीच कोणी वाटलीस. त्या पुढच्या रांगेत जाऊन बसल्या आणि तुला शेजारी बसवलं.

फ्लॉसीबाई तुझी गोष्ट वाचत होत्या तेव्हा मी गोष्ट ऐकत नव्हते, दाराकडे बघत होते. बाहेर मोटारसायकल वाजली की मी अर्धी उठत होते. अंगणातली मुलं ‘आउट’ म्हणून ओरडली तरी मला सुरज आल्यासारखं वाटत होतं. गोष्ट संपली. मग एकेक जण शेवट सांगायला लागले. कोणी म्हणालं, सून वेडी होते. कोणी म्हणालं, माई म्हणजे तिच्या मनाचा खेळ. एक मास्तर म्हणाले, शेवट नसणं हाच शेवट. मला त्यांना सतरंजीत गुंडाळावंसं वाटलं.

चहा आला, गडबड झाली, आणि मी तुझा दंड धरला. तू लगेच उठलीस. मला वाटलं होतं समजवावं लागेल. तू सरळ दारातून निघालीस, ढीग ओलांडून अनवाणीच, आणि मी थांबवून ठेवलेल्या रिक्षात जाऊन बसलीस. पायात काही घालायचं असतं हे तू विसरूनच गेली होतीस. मी तुझ्या चपला शोधायला वाकले, पण कुठल्या तुझ्या ते मला कुठे माहीत होतं?

वर बघितलं तर धोंडूबाई समोर उभ्या. त्या ओरडल्या असत्या तर अख्खा हॉल गोळा झाला असता, आणि त्यात सांडोरचे निम्मे लोक होते. त्या वाकल्या, ढिगातून एक जोड काढला. काळा, सोनेरी पट्टीचा, तुझ्या लग्नातला.

“अनवानी गेली ती,” त्या म्हणाल्या. “काटं लागतील.”

मी हात पुढे केला नाही. मला तो सापळा वाटला.

“मी रोज दुपारी आयकत होती,” त्या म्हणाल्या. “ती वाचायची, मी आयकायची. मला वाटायचं, कसली मेली बाई ती, दुसऱ्याच्या पोरीच्या चपला लपवते. मंग एक दिस फडताळ उघडलं तर ह्या, मीच ठेवलेल्या. ती माई मीच ना?”

मी मागे वळून रिक्षाकडे बघितलं.

“पोराला मी पन घाबरते,” त्या म्हणाल्या. “तो म्हनाला ठेव आत, मी ठेवल्या. सांजच्याला येईल तो. मी सांगन, गर्दीत हरवली. तू ने तिला.” आणि चपला माझ्या छातीशी दाबून परत आत जाऊन बसल्या. त्यांनी चहाचा कप उचलला. मी धावत रिक्षात आले, आणि तू विचारलंस, “कोण बोलत होतं?” मी म्हटलं, कोणी नाही.

त्यांना काल रात्री काय भोगावं लागलं असेल, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वकीलबाईंना तेही सांगणार आहे. त्यांना माफ कर असं मी तुला म्हणत नाही, ते तुझं तू बघ.

मी अजूनही घाबरलेलीच आहे. खाली रिक्षा थांबली की खिडकीशी जाते. तो येईल, बहुतेक आजच येईल. पिंकीच्या आईला सगळं सांगून ठेवलं आहे, ती दार किलकिलं ठेवून भाजी निवडत बसणार आहे. तू भिंतीवर थाप मारलीस तरी तिला ऐकू जातं.

डब्यात उपमा आहे. टेबलावर दोन कोरे ताव आणि पेन आहे. फ्लॉसीबाई म्हणाल्या, संपादकांनी ‘एक गृहिणी’ला दुसरी गोष्ट मागितली आहे. आज लिही असं नाही, कधी लिहीच असंही नाही.

आपल्या दाराला लॅच आहे. बाहेरून कोणाला उघडत नाही, आतून तुला केव्हाही उघडतं. झोपेतून उठलीस की एकदा उघडून बघ, मग लाव.

तुझ्या चपला दाराशी आहेत.

ताई