सबटायटल गायब झाल्याबद्दल

१९ ऑक्टोबर, रविवार
उद्या दीपावली. आजच संकल्प केला. वॉचलिस्टमध्ये दोनशे बारा सिनेमे साचलेत. रोज एक बघायचा, पुढच्या दीपावलीला यादी कोरी. शाळेत फिजिक्स शिकवायचो, पोर्शन वेळेत संपवायची सवय आहे.
पहिला मान मराठी सिनेमांना. पुण्याचा भाचा श्रीकर नावं पाठवत असतो. आमच्या घराण्याला तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली. घरातली मराठी जुन्या वळणाची, त्यात निम्मं तमिळ. पुण्याची माणसं भराभर बोलायला लागली की माझ्या डोक्यावरून जातं, म्हणून इंग्लिश सबटायटल लावतो. हे श्रीकरला कळता कामा नये.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
बघून झालेले: शून्य. यादी: दोनशे सव्वीस. सण होता, पाहुणे होते. शिवाय आधी नीट निवड करायला हवी, आणि निवडताना आणखी चांगले सापडतात. याला कोण काय करणार.

२६ ऑक्टोबर, दुपारी
मुहूर्त केला. मराठी. विहिरीवरून दोन भावांचं भांडण. दहा मिनिटांत बंद. सबटायटलच नाहीत! शुद्ध फसवणूक. भामा म्हणाली, आहेत की, खाली पांढरी अक्षरं पळतायत. पण ती पडली सीरियल बघणारी, बायकोचं म्हणणं किती मनावर घ्यायचं. मान खाली घातली तेव्हा अक्षरं दिसली, पण मग भाऊ बघायचे राहिले. एकतर वाचा, नाहीतर बघा. कंपनीला कडक मेल टाकला.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कंपनीचं उत्तर: आमच्याकडे सबटायटल व्यवस्थित दिसत आहेत. उर्मट लोक.
सकाळी पुन्हा भामाच्या कोलमवर पाय पडला. जिथून माणसं जातात नेमकी तिथेच रांगोळी काढायची, वर मलाच म्हणायचं, अय्यो, खाली बघून चाला की. आता ती एका कडेला काढते. उशिरा का होईना, शहाणपण आलं. कॉफीचा टंबलरही लवंडला. स्टूल फार बुटकं आहे. नवं आणायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
यादी दोनशे एकाहत्तर. एक थ्रिलर अर्धा बघितला. हल्लीचे कॅमेरामन दिव्यांची काटकसर करतात. पडद्याचा खालचा भाग नुसता काळोख, माणसांना पाय आहेत की नाहीत तेही कळत नाही. याला म्हणे मूड म्हणतात.
भामाने मध्येच विचारलं, अप्पा आठवतात का. अप्पा म्हणजे माझे वडील. शेवटी शेवटी हॉलमध्ये बसून दिवा लावा, दिवा लावा म्हणून ओरडायचे, आणि दिवा लागलेलाच असायचा. आठवतात. भारी हट्टी माणूस. पण त्यांचा इथे काय संबंध? सिनेमाचा रसभंग मात्र झाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
भामाने मला न विचारता डोळ्यांच्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेतली होती. रद्द केली. आयुष्यभर पोरांना लेन्स आणि प्रिझम शिकवले. मला कोण डोळा शिकवणार? भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पैकीच्या पैकी. निकाल भामाला मोठ्याने ऐकवला. ती आत निघून गेली.
मग मलाच वाईट वाटलं. यादी शंभरावर आली की जाईन, असा तिला शब्द दिला. यादी आज दोनशे ऐंशी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
पावसामुळे सिनेमा नाही. पाऊस पडला की घरात उजेड नसतो आणि टीव्हीही नीट दिसत नाही. टीव्ही जुना झालाय.
मुलगी विनुता बँकेत असते, म्हणून तिच्या मुलीला, दिव्यश्रीला, तिरुवैयारुला व्हायोलिनच्या क्लासला मोपेडवरून नेणं माझ्याकडे. नऊ वर्षांची पोर, पण तोंडाला विश्रांती नाही. अज्जा बंप, अज्जा खड्डा, अज्जा बकरी. तिचा जन्म व्हायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी! हल्ली तर माझे खांदे धरून मागे उभीच राहते. मुलांना कशाचाही खेळ लागतो.

३ डिसेंबर, बुधवार
श्रीकरने एकदम चाळीस नावं पाठवली. सगळी टाकली. भामा म्हणाली, एक तरी बघा आधी. तिला कळत नाही. यादी लांबली की मला बरं वाटतं. एवढं बघायचं ज्याचं बाकी आहे, त्याचं काय वाईट होणार?

९ डिसेंबर, मंगळवार
क्लासहून येताना कालव्याकाठच्या रस्त्यावर खोदकाम. खुणेला काही नाही, साधं लाल फडकं नाही. पुढचं चाक चरात गेलं, गाडी आडवी. मला खरचटलं. दिव्यश्रीचा डावा हात मोडला. प्लास्टर घातलंय. कालवा तिथून हातभर अंतरावर, काठोकाठ भरलेला.
पडलो तेव्हा ती गप्प होती. मीच दटावून गप्प बसवलं होतं. घरी गेल्यावर कुठला सिनेमा लावायचा, याचा विचार चालला होता माझा.
पंचायतीला पत्र लिहायला घेतलं आहे. या लोकांना सोडणार नाही.

१० डिसेंबर, बुधवार
पत्र अर्ध्यावर. विनुताने रजा काढली. माझ्याशी बोलत नाही.
पत्रात नक्की मजकूर हवा म्हणून जेवताना विचारलं, तिथे खुणेला काहीच नव्हतं ना. दिव्यश्रीनेच उत्तर दिलं. लाल फडकं होतं. पांढरे रंगवलेले दगडही होते, ओळीने. मग म्हणाली, अज्जा, मी सांगणार होते, पण तुम्ही रागावला असता.
ताटावरून उठलो. पत्र फाडलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
गेलो. भामा बरोबर होती. डॉक्टर म्हणजे विनुताच्या वयाची मुलगी. म्हणाली, काचबिंदू, जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते रोज थेंब घालून राखायचं. घरात आणखी कुणाला होतं का, असं तिने विचारलं, तेव्हा भामाच बोलली. गाडीची किल्ली विनुताकडे दिली आहे. मला भीती वाटते. हे भामाला सांगितलेलं नाही.
तिथे एक मशीन आहे. एक डोळा झाकून पांढऱ्या वाडग्यासारख्या गोलात बघायचं, आणि आत कुठेही दिव्याचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला बऱ्यापैकी दाबलं. मग डाव्याची पाळी. बटण घट्ट धरून, शाळेतल्या पोरासारखा ताठ बसलो. सुरुवातीला दोन-तीन दिसले, ते दाबले. मग काहीच येईना. वाट बघितली. शेवटी डॉक्टरला म्हटलं, अम्मा, मशीन बंद पडलं वाटतं, जरा बघा.
ती उठून जवळ आली आणि डोळ्यावरची पट्टी काढत म्हणाली, सर, टेस्ट संपली.