ओढ्याखालचे बारा फूट

४ एप्रिल १९११, कॅटेल फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
धुकं उठेपर्यंत नऊ वाजले. दिवसभरात सहाच उंच्या मोजून झाल्या. उतरलोय खाणकामगार ऑर्विल स्टिल्टनरकडे. जेवायला घेवडा, मक्याची भाकरी. त्याची बायको डेल्फिया म्हणाली, "डोंगर कागदावर काढायला सरकार पगार देतं? तो काय पळून जाणार आहे?"

९ एप्रिल
कोळशाच्या खाणीच्या कचेरीत आतल्या बोगद्यांचा नकाशा मिळाला. माझ्या नकाशाशी ताडून पाहिला. नवा बोगदा थेट ओढ्याखालून जातोय! ओढ्याचा तळ आणि बोगद्याचं छत—मध्ये बारा फूट. माझीच चूक असणार.

१० एप्रिल
पुन्हा मोजलं. बाराच.

११ एप्रिल
मॅनेजर किट्रेजसाहेबांना दाखवलं. त्यांनी नीट पाहिलंही नाही. "तू पलीकडच्या खोऱ्यातला ना? खाणवाल्याचा पोरगा, आणि पाण्याला भितोस? वरचं तू बघ, खालचं आम्ही बघतो."
जेवताना ऑर्विलला सांगून टाकलं. सांगायला नको होतं, कागद कचेरीचा. त्याने हातातली भाकरी खाली ठेवली.

१३ एप्रिल
नव्या बोगद्यात कुणीच गेलं नाही. सव्वीस माणसं खाणीच्या तोंडाशी बसून राहिली. साहेबांचा निरोप—सोमवारी कामावर या, नाहीतर घरं सोडा. घरं कंपनीचीच. डेल्फिया भांडी बांधायला लागली. "तुझे बारा फूट खोटे निघाले ना, तर याच कढईने हाणीन तुला."
आकडे परत तपासले. चूक सापडावी असं वाटत होतं. सापडली नाही.

१५ एप्रिल
किट्रेजसाहेब सर्वांदेखत कंदील घेऊन एकटे आत शिरले. ऑर्विलने बाही धरली—"साहेब, हट्ट नका करू." झटकली. तासाभराने बाहेर आले. बूट कोरडे. "बघितलंत?" माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.
लोकांनी पाहिलं. सोमवारी कामावर जायचं ठरलं. डेल्फियाने बांधलेली भांडी सोडली. कढई तेवढी माझ्यासमोर आपटली.

१६ एप्रिल, ईस्टर
सगळे चर्चमध्ये होतो. प्रार्थना चालू असताना ओढ्याचा आवाज थांबला. बाहेर येऊन पाहिलं तर पात्रात नुसता चिखल, मधोमध खड्डा. खाणीच्या तोंडातून काळं पाणी उसळत होतं. ऑर्विल माणसं मोजत सुटला. सव्वीसच्या सव्वीस बाहेर. डेल्फियाने माझा हात घट्ट धरला. साहेब कुठे दिसेनात.

२० एप्रिल
पाणी ओसरलं. किट्रेजसाहेब बोगद्याच्या टोकाशी सापडले. हातोडा जवळच. छताला लाकडाचे सात नवे टेकू दिलेले, आठवा अर्धवट.