कांद्याचं कुळ

सर, कांदा लिलीच्या कुळातला नाही. एवढं एक वाक्य तुम्हाला ऐकवायला मी किती वर्षं टपून बसले होते म्हणून सांगू.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेचा तो दिवस. वडील पंचवटीच्या बाजारात निघाले होते. जाता जाता त्यांनी मला कॉलेजच्या फाटकाशी सोडलं आणि "घे, औंदा डेंगळेच लय आलेत," असं कुरकुरत कांद्याच्या फुलांचे गोंडे हातात दिले. त्यातला एक मी तुमच्यासमोर उकलून ठेवते, शेजारी कुंडीतला नागदवणा. दोन्हींची सगळी फुलं दांड्याच्या टोकाला एकाच जागेवरून निघालेली, दोन्हींना तेच पातळ पापुद्र्याचं वेष्टन. "सर, ही भावंडं आहेत," मी म्हणते. तुम्ही चष्म्यावरून बघता. "अंडाशय कुठंय? कांद्याचं पाकळ्यांच्या वर, नागदवण्याचं खाली. म्हणजे कुळं वेगळी. नाशिकची पोरगी, आणि कांद्याचं घर चुकतेस?" सगळी लॅब हसली. मार्क गेले त्याचं काही नाही, पण माझ्या डोळ्यांना दिसलेलं खोटं ठरलं, ते फार लागलं. तोच गोंडा तुम्ही वाळवून कागदावर लावलात आणि खाली चिठ्ठी चिकटवलीत, तुमच्या अक्षरात: कुळ लिलीचं.

तुम्हीच शिकवलं होतंत, माणसांनी आधी झाड, झुडूप, रोप अशी उंचीवरून वाटणी केली, मग फुलातले पुंकेसर मोजले, मग सगळ्या फुलाचा तोंडवळा पाहिला. दर वेळी वाटलं, झालं आता. तुम्हालाही वाटलंच की. पुढे लोक पेशीतल्या डीएनएपर्यंत पोचले आणि तिथे कांदा नि नागदवणा एकाच घरात निघाले, लिली पार लांब. ते वाचलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. कशाचे, ते कोणालाच कळलं नाही.

आज तुमच्याच, आता माझ्या झालेल्या टेबलाशी बसून तो कागद काढला. तुमचा नियम पाळला: जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही, नवी शेजारी लावायची. माझी लावली, खाली झोकात सही केली आणि रिकाम्या लॅबला मोठ्यांदा वाचून दाखवली. जिंकले, सर. पुढच्या माणसासाठी शेजारी जागाही सोडलीय, तुम्ही सोडली होतीत तशीच. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. त्या जागेवर कधी कोणी काही चिकटवू नये, असं मला आत्तापासूनच वाटायला लागलंय.