पणजोबांचं आडनाव

३ मार्च, सकाळी.
संकल्प: पणजोबांचा समग्र इतिहास, महिन्याभरात. काकांच्या ऐंशीच्या समारंभात पुस्तिका वाटायची. मुखपृष्ठ ठरलं, माझा फोटो ठरला. आता फक्त माहिती हवी.

७ मार्च.
घरात माहिती एवढीच, की पणजोबा बोटीने या देशात आले आणि इंजिनिअर होते. (घरचे 'मशीनवर कामाला' म्हणतात. एकच.) प्रस्तावना पूर्ण.

१५ मार्च.
बंदराच्या दप्तरखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत प्रवाशांची यादी काढली. पणजोबांचं नाव, आडनाव, सगळं ठळक! उंची मात्र सहा फूट. आमच्यात साडेपाचच्या वर कोणी गेलेलं नाही. उतारवयात आक्रसले असणार.
बाई म्हणाल्या, याच नावाची चौकशी करायला एक आजी दरवर्षी येतात. नंबर घेतला. नवे नातेवाईक म्हणजे एक जादा प्रकरण.

२० मार्च.
आजी घरी आल्या. निवृत्त नर्स. चांगल्याच उंच.
म्हणाल्या, ते नाव माझ्या आजोबांचं. ते मित्राबरोबर बोटीला निघाले होते, आयत्या वेळी तापाने फणफणले. मित्र त्यांची कागदपत्रं घेऊन चढला. आजोबा तीन वर्षांनी आले, तर त्यांच्या नावाचा माणूस इथे आधीच पोचलेला. मग दुसऱ्याच आडनावाने राहिले.
मी मित्राचं खरं नाव विचारलं. ते आजोबांनी मरेपर्यंत उच्चारलं नाही म्हणे.
मी तीनदा म्हणालो, चहा घ्या. त्या घेतच होत्या.
त्यांची मागणी एकच: नाव कोणाचं होतं, ही एक ओळ पुस्तिकेत यावी. शब्द दिला. समारंभाचं आमंत्रणही दिलं.

२१ मार्च.
कारकुनी चूक असणार. पण मीच तीस वर्षं दाखल्यांच्या खिडकीवर बसलो. एक वेलांटी चुकली तरी माणूस परत पाठवायचो. झोप नाही.

२८ मार्च.
ती ओळ लिहिली, खोडली. शेवटी शेवटच्या पानावर, बारीक टाइपात टाकायचं ठरलं. प्रेसवाला म्हणतो, तिथे जागा नाही, तुमचा परिचय आहे. परिचय कापता येत नाही. ओळ भाषणात सांगेन. तोंडी जास्त परिणामकारक.

४ एप्रिल.
काल समारंभ झाला. सांगायचंच ठरवून उभा राहिलो. समोर काका, डोळ्यांत पाणी. तोंडून निघालं, "पणजोबांनी या देशात येऊन नाव कमावलं." टाळ्या.
दुसऱ्या रांगेत आजी पुस्तिका चाळत होत्या. शेवटचं पान झालं, मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या.
जाताना पुस्तिका पुढे करून म्हणाल्या, सही द्या. मी पेन काढलं. माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं. आडनावापाशी हात थांबला.
"लिहा की," त्या म्हणाल्या.
लिहिलं.