सोनूबाईचा प्रश्न

प्रिय दीप्ती,
सप्रेम जय भीम.

दर रविवारी व्हिडिओवर तुझं तोंड दिसतं, तरी आबाला कागद का सुचला म्हणशील. त्या दिवशीचं तुझं बोलणं गळ्याखाली उतरेना. जिनिव्हाच्या त्या सभागृहात दीडशेच्या वर देश, व्यापाराचे मसुदे तू महिनोन्‌महिने घासायचे, आणि एकानं नाही म्हटलं की सगळं पाण्यात. "आबा, आता जो तो आपापलं बघणार. मी राजीनामा लिहून ठेवलाय," म्हणालीस. सातवी पास रिटायर पोस्टमन, मी काय बोलणार?

मग सोनूबाई आठवली. आरेच्या पाड्यावरची, मुलगा बोटीवर कामाला. एकदा त्याचं पत्र घेऊन गेलो. तिकीट अशा देशाचं, जो मला नकाशातही सापडला नव्हता. तिनं पाकीट उलटसुलट केलं आणि विचारलं, "अंबादास, तिथल्या पोस्टमनला माझं घर ठाऊक हाय का?" म्हटलं, नाही. "मग तू ठाऊक हायेस त्याला?" म्हटलं, मीही नाही. "मग तुझ्या भरवशावर त्यानं हे सोडलं कसं?" गोठ्यातल्या म्हशीही माझ्याकडेच बघत होत्या. 'सरकारी काम असतं, मावशी' म्हणून मी सायकलवर टांग मारली, पण तो प्रश्न कॅरिअरवर बसून घरापर्यंत आला.

ऑफिसातली जुनी फाटकी पुस्तकं आणि डिक्शनरी घेऊन महिनाभर बसलो. जे वाचलं त्यानं अजून अंगावर काटा येतो. तुझ्यापासून रेल्वेनं दोन तासांवरच्या बर्नमध्ये, दीडशे वर्षांपूर्वी बावीस देश टपालाचा करार करायला बसले. ठरलं असं की तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्यानं ठेवायचे, आणि समोरच्यानं ते पत्र फुकट घरपोच करायचं. का, तर पत्राला उत्तर येतंच, म्हणजे दोघांचा हिशेब आपोआप फिटतो, असं ते धरून चालले. एवढ्या मोठ्या दुनियेचा कारभार एवढ्याशा गोष्टीवर उभा केला गं त्यांनी. पुढे हिशेब आले, भांडणं आली, महायुद्धं झाली. गेल्या वर्षी तर आयात-कराच्या भांडणात अमेरिकेला जाणारं टपाल काही आठवडे थांबलंच. सुलक्षणाताईंनी तिथल्या लेकीसाठी तळलेल्या चकल्या आम्ही शेजाऱ्यांनीच संपवल्या. मग परत सुरू झालं. कुणीतरी तुझ्यासारखंच टेबलाशी चिकटून बसलं असणार.

म्हणून हे पत्र, साध्या टपालानं, बोरिवलीच्या लाल पेटीत. रविवारी तुला एवढंच सांगेन, पाकीट टाकलंय, ते येईस्तोवर राजीनामा खणात राहू दे. नाही पोचलं तर तुझं खरं. पण तू हे वाचते आहेस. म्हणजे इथून तुझ्या दारापर्यंत जेवढ्या हातांनी हे उचललं, त्यातलं कुणी मला ओळखत नाही, मी त्यांना ओळखत नाही. राजीनामा तुझा आहे. दे, नाहीतर फाड. त्याआधी सोनूबाईला काय सांगायचं ते मला कागदावर लिहून पाठव. मी रोज दुपारी खाली उतरून पेटी बघीन.

तुझाच, पाकिटाच्या मागच्या बाजूचा प्रेषक,
आबा