काट्यावरची दया

अप्पा,

काल मी एका पोरीच्या अंगावर ओरडले. धाराशिवच्या दवाखान्यात व्यायाम घेणारी पोरगी, असेल चोवीस-पंचवीसची. माझा डावा खांदा धरलाय म्हणून महिनाभर तिच्याकडे जातेय. भिंतीला पांढरी प्लास्टिकची कप्पी, तिच्यावरून दोरी, एका टोकाला माझा हात आणि दुसऱ्या टोकाला माझ्या पाठीमागं वजन. काल हात वर ओढला गेला तशी मी कण्हले. तिनं मागं जाऊन गुपचूप वजनाची एक चकती काढून घेतली. पण आता माझ्या गळ्यात तेव्हासारखा पट्टा नाही, मला मान वळवून बघता येतं. "का काढलीस?" असं मी इतक्या जोरानं विचारलं की बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली. ती बिचारी म्हणाली, "आजी, तुम्हाला दुखत होतं म्हणून." तिला ती चकती परत लावायला लावली आणि घरी येऊन वही काढली. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली. चांगलं बोलायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही सोसायटीच्या दुकानातले मापाडी. गावात चेअरमन बदलले, सेक्रेटरी बदलले, काट्यामागं बसलेला माणूस बदलला नाही. बहात्तरच्या दुष्काळात दुकानात लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, यायची आणि रांग पार लिंबाच्या झाडापर्यंत जायची. मी तेव्हा डी.एड.ची परीक्षा देऊन घरी आले होते, नेमणुकीची वाट बघत तुमच्याशेजारी पोती सोडायला बसायचे. एक म्हातारी बाई होती, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी. पदरी दोन नातवंडं. तिचं धान्य मापताना मी हळूच म्हणाले, "अप्पा, एक मूठ जास्त टाका." तुम्ही हातातलं मापटं खाली ठेवलंत आणि सगळ्या रांगेसमोर मला म्हणालात, "काट्यावर दया न्हाय करायची. दया आली तर घरला जाऊन करावी, आपल्या ताटातली काढून. काटा सगळ्यांचा हाय." मी शरमेनं लाल झाले. संध्याकाळी तुम्ही आईला, आपल्या अव्वाला, आपल्या वाटणीच्या मिलोतलं शेरभर पदरात बांधून त्या म्हातारीकडं पाठवलंत. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता, की आजही आठवलं की आधी तोच येतो आणि मग त्याच्या मागून राग येतो.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. वरून पोहरा टाकून नुसता चिखल यायचा, म्हणून बायका पायऱ्या उतरून वाटीनं पाणी भरायच्या. भरली घागर डोक्यावर घेऊन मी वर येत होते आणि पाय सटकला. घागर वाचली नाही, मी वाचले. मानेचा मणका सरकला होता आणि उजवा हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. सोसायटीच्या जीपमधून तुम्ही मला सोलापूरला नेलंत. वाटेतला प्रत्येक खड्डा मला अजून पाठ आहे. डॉक्टरांनी कमरेचं थोडं हाड काढून मानेत बसवलं. अव्वा म्हणाली, "द्येवानं कंबरेत येवढं जादा हाड कशाला ठिवलं हुतं, त्ये आत्ता कळालं." सगळे हसले, मला हसता येत नव्हतं. गळ्यातलं इष्टलिंग काढावं लागलं, ते तुम्ही माझ्या डाव्या दंडाला बांधलंत. गळ्यात छातीपासून हनुवटीपर्यंत कातडी पट्टा आला. समोर दिसेल तेवढंच बघायचं.

दवाखान्यात व्यायामाच्या बाई होत्या, चष्मा लावणाऱ्या, कडक. घरी सोडताना त्यांनी तुम्हाला समोर बसवून सांगितलं, ते मी खाटेवरून ऐकत होते. "मानेचं काम डॉक्टरांनी केलं. हाताचं आता तुमच्याकडे. वजन हात वर ओढेल, हिनं तो खाली ओढायचा. अर्ध्या किलोपासून सुरू करा, दर आठवड्याला अर्धा किलो वाढवा. दुखेल, ही रडेल. पण वजन कमी करायचं नाही. या दोन-तीन महिन्यांत खांदा मोकळा झाला तर झाला, एकदा धरला की मग कुणाच्या हातात नाही. घरी करून घेणार कोण?" तुम्ही छाती पुढं काढून म्हणालात, "वजनाचं माज्याकडं लागलं, बाई. म्या मापाडी हाय." मी निश्चिंत झाले. नेमणुकीआधी जिल्ह्याच्या डॉक्टरांचा दाखला लागणार होता आणि ज्याचा हात फळ्यापर्यंत पोचत नाही त्याला मास्तरकी कोण देणार? माझं पुढचं सगळं आयुष्य त्या हाताच्या उंचीवर होतं आणि ती उंची तुमच्या मापावर. मला वाटलं, याहून चांगला माणूस मिळणं नाही.

विहीर कोरडी म्हणून तिची कप्पी आपल्याला मिळाली. पाणी असतं तर गावानं दिली नसती. ती तुम्ही माळवदाच्या तुळईला बांधलीत. अव्वानं जुन्या गादीच्या खोळीची पिशवी शिवली, तुम्ही नदीच्या कोरड्या पात्रातून वाळू आणून कोपऱ्यात ढीग केलात. मी स्टुलावर बसायची, पिशवी पाठीमागं. सकाळी दुकानात जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. आधी मानेचा व्यायाम, तुमचा तळवा माझ्या कपाळावर आणि तुम्ही म्हणायचे, "ढकल." मी कपाळानं ढकलायची, तुम्ही हलायचे नाही. तळव्याला तरटाचा आणि धान्याच्या धुळीचा वास. मग दोरी. मापाडी मोजताना एकाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. तुम्ही माझ्या ओढीही तशाच मोजायचे. लाभ, दोन, तीन, वीसपर्यंत. पहिल्या आठवड्यातच मी शेजारपाजार गोळा होईल इतकी ओरडले. दुसऱ्यात तोंडात पदराचा बोळा धरला. तिसऱ्या-चौथ्यात तुमचा आवाज मोजता मोजता अडकायला लागला, तुम्ही मधेच उठून अंगणात जाऊन उभे राहायचे.

आणि मग दुखणं कमी झालं. दर सोमवारी तुम्ही दुकानातल्यासारखं मोठ्यानं सांगायचे, "आज अडीच किलो." "आज तीन किलो." आणि माझ्या तोंडातून हूं की चूं नाही. अव्वानं तुळजापूरच्या आईला नारळ बोलला. येणारी-जाणारी म्हणायची, पोरीनं सोसलं बाई, जिद्दीची पोर. मीही मान डोलावली असती, पट्ट्यामुळं डोलावता यायची नाही.

तपासणीला सोलापूरला गेलो. बाईंनी विचारलं, "किती किलोपर्यंत आलात?" तुम्ही म्हणालात, "चार." बाईंनी त्यांची लोखंडी वजनं मोजून चार किलो लावले. हात वर खेचला गेला आणि मी अशी किंकाळी फोडली की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. कोपर खांद्याच्या वर जाईना. खाली ओढायला गेले तर दोरी हलेना. बाईंनी वजन उतरवलं, चष्मा काढला आणि तुम्हाला विचारलं, "घरी खरंच चार किलो होतं?" तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणालात, "व्हय." जन्मभर काट्याच्या जिभेवर नजर ठेवणारा माणूस त्या दिवशी कॅलेंडर वाचत होता. येताना एस.टी.त नळदुर्गच्या पुढं तुम्ही तोंड उघडलंत. "तुला सोसवंना, पोरी. मला बघवंना. दोनच्या म्होरं गेलोच न्हाय म्या." मी पुढच्या सीटच्या दांड्याकडं बघत राहिले.

त्यानंतर खरी वजनं लावली. पण खांद्यानं जे ठरवायचं ते ठरवलं होतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि म्हणाले, "इथं लिहून दाखवा." हात खांद्याइतका वर गेला आणि थांबला. मी टाचा उंचावल्या, तर ते म्हणाले, "रोज टाचांवर शिकवणार का?" हसून म्हणाले, वाईट माणूस नव्हता तो. नेमणूक दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

त्या दिवशी दाखल्याविना गावात उतरले ती घरी गेलेच नाही, सरळ दुकानात आले. रांग होती. तुम्ही मापत होता. मी रांगेकडं तोंड करून म्हणाले, "नीट बघून घ्या गं बायांनो. माज्या बापाचा काटा खोटा हाय. पोटच्या लेकीला दोन किलोचं चार किलो सांगितलं त्यानं, तुमाला काय सोडंल?" कुणी हललं नाही. ती खडी फोडणारी म्हातारी तेवढी म्हणाली, "आसं बोलू नगं, बाई. पाप लागंल." तुम्ही मापटं धान्यात ठेवलंत. माझ्याकडं बघितलंत आणि परत काट्याकडं बघितलंत. गावातल्या एकानंही त्या दिवशी धान्य पुन्हा मापून मागितलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही सेक्रेटरीला सांगितलंत, दुसरा मापाडी बघा. मरेपर्यंत त्याच सोसायटीच्या गोदामात पोती रचलीत आणि काट्याजवळ कधी बसला नाहीत. घरात आपण दोघं मीठ, सरपण आणि म्हशीची वैरण एवढंच बोलायचो. तुमच्या शेवटच्या आजारात मी तुम्हाला डाव्या हातानं पाणी पाजलं आणि तरीही काही बोलले नाही.

मी बालवाडीत लागले. बालवाडीत फळा नसतो, लेकरं जमिनीवर आणि बाईही जमिनीवर. तीस वर्षं तिथंच काढली. वेणी घालायला आधी अव्वा, मग भावजय, मग केसच कापून टाकले. फळीवरचा डबा काढायला दुसऱ्याला हाक मारायची. एस.टी.त वरचा दांडा धरता येत नाही म्हणून बसायला जागा असलेली गाडी येईपर्यंत थांबायची. आता गावात माकणीच्या धरणाचं पाणी नळानं येतं, विहिरीवर कुणी जात नाही, पण माझा हात तिथंच राहिला. आणि सगळ्यात वाईट काय, तर मला तक्रारही करता येत नाही. इतरांचे बाप दारू प्यायचे, मारायचे. त्यांच्या लेकींना निदान सांगायला काहीतरी असतं. मी काय सांगू? माझ्या बापाला माझी दया आली? ऐकणारा म्हणतो, किती चांगला बाप. तुम्ही साऱ्या गावाला बजावलं होतं की काट्यावर दया करायची नाही. मोडायला तुम्हाला मीच सापडले?

इथंच थांबणार होते, अप्पा. पण काटा सगळ्यांचा असतो, तर तुमचाही आहे.

ज्या आठवड्यात तुम्ही "आज तीन किलो" म्हणालात, त्याच आठवड्यातली दुपार. तुम्ही दुकानात, अव्वा टँकरच्या रांगेत. मी स्टुलावरून उठले, अख्खी मागं वळले आणि डाव्या हातानं ती पिशवी उचलली. मापाड्याची लेक आहे मी. पोत्यात हात घालून सांगायचे किती उरलंय. पिशवी दोन किलोची होती, वर एक चिमूट नाही. मी तिचं तोंड सोडून आत बघितलं. वाळूचा ढीग कोपऱ्यात होता, त्यात मापटं खोचलेलं होतं आणि माझा डावा हात धडधाकट होता. दोन मापटी टाकली असती तर झालं असतं. बाईंचं बोलणं मी खाटेवरून शब्दन्‌शब्द ऐकलं होतं, मला सगळं कळत होतं. पण दुखणं थांबलं होतं, अप्पा. किती दिवसांनी थांबलं होतं. मी पिशवीचं तोंड परत बांधलं.

एका हातानं आणि दातांनी बांधलं. तुमची मापाड्याची गाठ, माझ्याच्यानं कशी जमणार? संध्याकाळी तुम्ही आलात, पिशवीला हात घातलात आणि थांबलात. पट्ट्यामुळं मला तुमचं तोंड दिसलं नाही. एवढंच कळलं की मोजणं लगेच सुरू झालं नाही. मग तुम्ही म्हणालात, "लाभ."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. त्या दिवशी दुकानात, सगळ्या रांगेसमोर, तुम्ही एवढंच म्हणाला असतात की "तिलाबी ठाव हुतं", तर गावानं मला हसून घरी पाठवलं असतं आणि तुम्ही काट्यामागंच राहिला असता. तुम्ही म्हणाला नाहीत. पुढं बारा वर्षं पोती उचललीत, तरी म्हणाला नाहीत. मला तुमचा राग येतो, अजूनही येतो, आणि त्यातला निम्मा याचाच आहे की तुम्ही मला कधी पकडलं नाहीत.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. वर एक अर्धवट राहिलंय तेवढं पुरं करते. त्या पोरीला मी चकती परत लावायला लावली, हे खरं आहे. दहाव्या ओढीला मीच तिला म्हणाले, "काढ गं." तिनं काढली, आणि मी विसापर्यंत मोजलं.