आयेचं भाण आणि नायलॉनचं जाळं

८ ऑक्टो. ६३
हे मुंबईहून आले. पोत्यात नायलॉनचं जाळं. पांढरंशुभ्र, हातातून सुळकन निसटतं. अर्धी वाडी बघून गेली. सासूबाई, म्हणजे आमची आये, तेवढी जागची हलली नाही. माडाखाली ऐनाची साल कुटत बसली होती. वाडीतली सगळी सुती जाळी तिच्याच भाणात, त्या मोठ्या तांब्याच्या हंड्यात, रंगतात. सालीच्या पाण्यात उकळलं नाही तर सूत कुजतं.

९ ऑक्टो.
सकाळीच जुंपली. हे म्हणाले, "आये, ह्यां कुसणा नाय. ह्येका कित्याक होयो रंग?"
आये: "आमच्या घरातलां जाळां रंगवल्याबिगर दर्यात पडूक नाय कधी."
दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी चहा ठेवायला पळाले. मायलेकांच्या भांडणात माझं कशाला नाक!
दुपारी ह्यांनी हार मानली. "घाल बाय एकदा." आयेचा चेहरा बघायला हवा होता.

१२ ऑक्टो.
भाण चुलीवर चढलं. पाणी खदखदलं, जाळं आत. सुती जाळ्यासारखंच, तेवढाच वेळ. शेजारणी पोलकी, पोरांच्या चड्ड्या घेऊन हजर. जाळं निघालं की उरलेल्या पाण्यात त्यांचे कपडे. मीही ह्यांचा पिवळट सदरा बुडवला. दर वर्षी सगळी वाडी एका रंगाची होते, मला भारी आवडतं.
जाळं काढलं. रंग फिका, चहासारखा. आणि मेलं आकसलेलं! गाठी आवळलेल्या, भोकं बारीक. हे भोकांत बोटं घालून बघत बसले.
आयेनं जाळ विझवला. "गो, भाण मोडीत घाल. माझी अक्कलच शिजली."
मला रडू आलं.

१३ ऑक्टो.
आये जेवली नाही. भाण माडाखाली उपडं. हे शेजारच्या बाबलभावजींकडे जाऊन बसलेत. त्यांचंही नायलॉनच, पांढरं.

२ नोव्हें.
काल हे तेच जाळं घेऊन गेले. "दुसरां खंय आसा?" बाबलभावजीही होते. पाणी निवळ, वर लख्ख चांदणं.
आज आमच्या होडीत बांगडे! लहान, पण भरपूर. बाबलभावजींना कालवणापुरते. म्हणतात, चांदण्यात पांढरं जाळं दिसलं, मासा वळला. हे म्हणतात, नशीब. मी म्हणते, रंग. बांगड्यांचं तिखलं मात्र आयेनं स्वतः केलं, ह्यांना मधले तुकडे वाढले. घरात पुन्हा बोलणं सुरू. किती बरं वाटलं!

७ नोव्हें.
बाबलभावजी जाळं घेऊन दारात. "काकी, रंगवन दी. पण उकळू नको हां!"
आये: "माका आता जमणा नाय. जा तू." आणि आत गेली.
हे ओटीवरच होते. ऐकलं सगळं.

८ नोव्हें.
हे उजाडताच कुठे गेले, सांगितलं नाही. दहाच्या सुमारास डोक्यावर सालीचा भारा घेऊन हजर. स्वतः कधी आणली नव्हती हो! भाण सुलटं केलं, आतली माती पुसली.
"आये, पाणी थंड करून बघूया? रंग चढता काय बघ तरी."
आयेनं त्यांच्याकडे बघितलं नाही. साल मोडली, वास घेतला.
"ओली आसा. वाळूक होयी."
आणि अंगणात पसरायला लागली. बाबलभावजींना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मी ह्यांचा दुसरा सदरा शोधून ठेवलाय.